मॉनिटरचा टीव्ही करायचा असेल, तर आधी आवाजाचं बघा

कॉम्प्युटर बदलला की मॉनिटर मागे उरतो. सीपीयू मोडीत जातो, कीबोर्ड-माउस कुणाला तरी दिले जातात, पण मॉनिटर चांगला चालत असतो म्हणून टाकवत नाही. मग तो कापड घालून कपाटावर चढतो. तुमच्याकडे असा एखादा मॉनिटर असेल आणि आतल्या खोलीत छोटा टीव्ही हवा असेल, तर काम जमण्यासारखं आहे. मी आजवर असे पाच-सहा मॉनिटर जोडून दिले आहेत आणि ते सगळे रोज चालतात.

पण जवळपास प्रत्येक ठिकाणी लोकांनी सुरुवात केबल आणण्यापासून केली होती. केबल आणली, जोडली, चित्र आलं, सगळे खूश झाले. आणि मग लक्षात आलं की आवाजच नाही. चित्र हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. आवाज कुठून निघणार आणि तो कमी-जास्त कशाने करणार, हे ठरल्याशिवाय एकही वस्तू विकत घेऊ नका.

मॉनिटरमध्ये काय नसतं

टीव्ही म्हणजे एका खोक्यात बसवलेल्या चार गोष्टी: पडदा, चॅनेल पकडणारा ट्यूनर, स्पीकर आणि रिमोटचं ऐकणारा डोळा. मॉनिटरमध्ये यातला पडदा तेवढा असतो. काहींमध्ये बारीकसे स्पीकर असतात. बाकीचं बाहेरून आणायचं.

सेट-टॉप बॉक्स असेल तर ट्यूनर आणि रिमोट त्याच्यासोबतच येतात. फायर टीव्ही स्टिक किंवा क्रोमकास्टसारखं काही लावणार असाल तर ट्यूनर लागतच नाही, सगळं इंटरनेटवरून येतं. थेट अँटेनाची वायर जोडायची असेल तर मात्र वेगळा ट्यूनर बॉक्स घ्यावा लागेल, आणि तो तुमच्या देशात चालणाऱ्या प्रसारण पद्धतीचाच हवा. युरोपात आणि आशियातल्या बऱ्याच देशांत डीव्हीबी, उत्तर अमेरिकेत एटीएससी, जपान आणि ब्राझीलमध्ये आयएसडीबी-टी अशा पद्धती आहेत. एका पद्धतीचा ट्यूनर दुसऱ्या पद्धतीचं प्रसारण पकडत नाही, त्यामुळे परदेशातून कुणी आणून दिलेला बॉक्स बहुधा उपयोगाचा नसतो.

पहिलं काम: मॉनिटर पालथा घाला

जाड चादरीची घडी करून त्यावर मॉनिटर पडद्याच्या बाजूने अलगद ठेवा. जोडणीची छिद्रं बहुतेक मॉनिटरमध्ये खालच्या दिशेला उघडतात. उभ्या मॉनिटरच्या मागे हात घालून चाचपत बसलात तर काहीच कळणार नाही. टॉर्च घ्या आणि काय काय आहे ते कागदावर लिहा.

चपटं, खालचे दोन्ही कोपरे कापल्यासारखे दिसणारं छिद्र म्हणजे एचडीएमआय. तसंच चपटं, पण एकच कोपरा कापलेला असेल तर ते डिस्प्लेपोर्ट. ही दोन्ही घाईत सारखीच वाटतात, म्हणून कोपरे नीट बघा. निळ्या रंगाचं, तीन ओळींत १५ छिद्रं आणि दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं म्हणजे व्हीजीए. ते १९८७ पासून वापरात आहे, त्यामुळे जुन्या मॉनिटरवर हमखास सापडतं. बहुतेक वेळा पांढरं, त्याहून रुंद, एका बाजूला आडवी चीर असलेलं म्हणजे डीव्हीआय.

याशिवाय ३.५ मिलिमीटरचं गोल छिद्र आहे का ते बघा. त्याच्या शेजारचं चिन्ह महत्त्वाचं आहे. हेडफोनचं चित्र असेल तर तिथून आवाज बाहेर पडतो. 'ऑडिओ इन' लिहिलं असेल तर तिथे आवाज आत घ्यावा लागतो, म्हणजे मॉनिटरमध्ये स्वतःचे स्पीकर आहेत. दोन्ही छिद्रं दिसायला अगदी सारखी आणि कामाने नेमकी उलटी असतात. अर्धाअधिक गोंधळ इथेच होतो.

मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबरही लिहून घ्या. तो इंटरनेटवर टाकला की रिझोल्यूशन, स्पीकर आहेत की नाहीत, एचडीसीपी (नक्कल रोखणारी पद्धत, तिच्याबद्दल पुढे सांगतो) चालतं का, हे सगळं माहितीपुस्तिकेत मिळतं.

इथे एक खुलासा करतो, कारण हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. जुन्या लॅपटॉपला एचडीएमआयचं छिद्र असतं, म्हणून त्याचा पडदा टीव्हीसारखा वापरता येईल असं वाटतं. तसं होत नाही. लॅपटॉपवरचं ते छिद्र चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतं, आत घेण्यासाठी नाही. त्या लॅपटॉपवर टीव्ही बघायचाच असेल तर ब्राउझरमधून किंवा अ‍ॅपमधून बघता येईल.

जोडणी: दिशा बघून केबल घ्या

मॉनिटरला एचडीएमआय असेल तर साधी एचडीएमआय केबल लावा आणि पुढच्या भागाकडे जा. ४के मॉनिटरवर ४के बघायचं असेल तेवढं लक्षात ठेवा, की एचडीएमआय १.४ वर ४के सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच जातं. ६० साठी एचडीएमआय २.० लागतं, आणि नक्कल-संरक्षण असलेल्या ४के कार्यक्रमांना एचडीसीपी २.२ सुद्धा लागतं.

डीव्हीआय असेल तर एचडीएमआय-डीव्हीआय केबल पुरते. दोन्हींत चित्राचे संकेत एकाच जातीचे असल्याने मधे कुठलं यंत्र लागत नाही. अडचण आहे ती एचडीसीपीची. चोरून नक्कल होऊ नये म्हणून बॉक्स आणि पडदा एकमेकांची ओळख पटवून घेतात, त्या पद्धतीला एचडीसीपी म्हणतात. डीव्हीआयच्या बऱ्याच जुन्या मॉनिटरमध्ये ती नसते. मग होतं असं की मेनू दिसतो, अ‍ॅप उघडतं, चित्रपटाचं पोस्टरसुद्धा दिसतं, आणि 'प्ले' दाबलं की पडदा काळा होतो किंवा काहीतरी चुकल्याचा संदेश येतो. केबल बदलून हे सुटत नाही. म्हणून डीव्हीआयवाल्या मॉनिटरसाठी काहीही विकत घेण्याआधी कुणाची तरी स्टिक किंवा बॉक्स तासाभरासाठी मागून आणा आणि एखादा चित्रपट प्रत्यक्ष लावून बघा.

व्हीजीएचं प्रकरण वेगळं. एचडीएमआय डिजिटल आहे, व्हीजीए अ‍ॅनालॉग. दोन टोकांना दोन वेगळ्या पिना असलेली साधी केबल इथे चालत नाही. आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो. आणि कन्व्हर्टर एकाच दिशेने काम करतो. आपल्याला हवा 'एचडीएमआयकडून व्हीजीएकडे'. 'व्हीजीएकडून एचडीएमआयकडे' जाणारा दिसायला जवळपास तसाच असतो, पण तो जुना कॉम्प्युटर नव्या टीव्हीला जोडण्यासाठी. पाकिटावरचा बाण किंवा 'इनपुट-आउटपुट' हे शब्द वाचल्याशिवाय घेऊ नका. घेताना ३.५ मिलिमीटरचं आवाजाचं छिद्र आणि वेगळी वीज देण्यासाठी छोटं यूएसबी छिद्र असलेलाच घ्या. पहिल्याशिवाय आवाज मिळणार नाही. दुसरं यासाठी, की स्टिककडून मिळणारी वीज कन्व्हर्टरला नेहमीच पुरते असं नाही. काही कार्यक्रम अशा कन्व्हर्टरमधून एचडीसीपीमुळे दिसत नाहीत, तेव्हा इथेही आधी मागून आणून तपासणं बरं.

डिस्प्लेपोर्ट एकटंच असेल तरी हीच दिशेची अडचण. बाजारात सहज मिळते ती केबल कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टमधून टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये जाणारी. आपलं काम त्याच्या उलट आहे, आणि त्याला यूएसबीवर चालणारा चिपवाला कन्व्हर्टर लागतो.

स्टिकला वीज मॉनिटरमधून देऊ नका

मॉनिटरवर यूएसबी छिद्र दिसलं की तिथेच स्टिकची वायर खोचावीशी वाटते. साधं यूएसबी २.० छिद्र अर्धा अँपिअर देतं, ३.० असेल तर ०.९. स्टिकला साधारण १ अँपिअर किंवा जास्त लागतो. कमी पडलं तर स्टिक सुरू होते, कंपनीचं चिन्ह येतं, पडदा काळा होतो, पुन्हा चिन्ह येतं. एकदा एका ओळखीच्यांनी बिघडलेली म्हणून बाजूला ठेवलेली स्टिक मी घरी आणली. तिच्या सोबत आलेला अ‍ॅडॉप्टर डब्यातच होता, प्लास्टिकमधून काढलेलासुद्धा नव्हता. तो भिंतीतल्या सॉकेटला लावला आणि स्टिक पहिल्याच वेळी सुरू झाली. अ‍ॅडॉप्टर हरवला असेल तर दुसरा घेताना त्यावरची बारीक अक्षरं वाचा: आउटपुट ५ व्होल्ट, आणि अँपिअर मूळ अ‍ॅडॉप्टरइतके किंवा जास्त.

आवाज

आता मूळ मुद्द्याकडे. आवाज काढायच्या वाटा चार आहेत. तुमच्या मॉनिटरला कोणती लागू पडते ते मघाशी केलेल्या कागदावरून कळेल.

मॉनिटरला एचडीएमआय आणि हेडफोनचं छिद्र दोन्ही असेल तर तुमचं काम सोपं झालं. एचडीएमआयमधून आवाज चित्रासोबतच येतो, मॉनिटर तो वेगळा करून हेडफोनच्या छिद्रातून बाहेर देतो. तिथे कॉम्प्युटरचे स्पीकर लावा. मात्र ते स्वतःच्या प्लगवर चालणारे हवेत. हेडफोनच्या छिद्रातला आवाज इतका क्षीण असतो की वीज नसलेले मोठे स्पीकर त्यावर नीट वाजत नाहीत. मॉनिटरच्या मेनूत जाऊन आवाज एकदाच ८०-९० वर नेऊन ठेवा आणि पुढे स्पीकरच्या खटक्यानेच कमी-जास्त करा. मॉनिटरवर कमी आणि स्पीकरवर जास्त ठेवलं तर मागे सतत सूं असा आवाज येत राहतो.

सेट-टॉप बॉक्स असेल तर दुसरी वाट त्याच्या मागेच आहे. लाल आणि पांढरी गोल छिद्रं दिसतील. तिथून स्पीकरपर्यंत लाल-पांढरी ते ३.५ मिलिमीटर अशी केबल घ्या. चित्र एचडीएमआयने मॉनिटरवर, आवाज या केबलने स्पीकरवर. शेजारचं पिवळं छिद्र चित्राचं असतं, ते मोकळं राहू द्या. डीव्हीआय आणि व्हीजीएच्या मॉनिटरसाठी मला हीच वाट सगळ्यात आवडते, कारण ती स्वस्त आहे आणि मधे बिघडण्यासारखं काही नाही.

स्टिकला अशी छिद्रं नसतात. तिच्यासाठी ब्लूटूथ स्पीकर हा उपाय. जवळपास सगळ्या नव्या स्टिकमध्ये ब्लूटूथ असतं. यात आवाज किंचित उशिरा पोचतो. बातम्या देणाऱ्याच्या ओठांकडे बघा: ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येत असेल तर स्टिकच्या सेटिंगमध्ये चित्र-आवाज जुळवण्याची पट्टी आहे का ते शोधा. गेम खेळायचे असतील तर वायरचे स्पीकरच लावा, तिथे हा उशीर फार जाणवतो.

हे काहीच जमत नसेल तर चौथी वाट, एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर नावाची काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी. एका बाजूने एचडीएमआय आत, दुसऱ्या बाजूने एचडीएमआय बाहेर, आणि आवाजासाठी वेगळं ३.५ मिलिमीटरचं छिद्र.

सगळं बरोबर जोडूनही शांतताच असेल, तर बॉक्सच्या किंवा स्टिकच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जा. तिथे 'डॉल्बी' किंवा 'ऑटो' असेल तर 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ' करा. डॉल्बीचा आवाज बांधलेल्या गाठोड्यासारखा येतो आणि ते सोडवायची सोय मॉनिटरमध्ये नसते. पीसीएम केलं की बॉक्स स्वतःच ते सोडवून देतो. हा एकच बदल मी कितीतरी वेळा फोनवरून सांगितला आहे, आणि पलीकडून लगेच टीव्हीचा आवाज ऐकू आला आहे.

रिमोटचं काय? बऱ्याच स्टिकच्या रिमोटवरची आवाजाची बटणं टीव्हीला आज्ञा देण्यासाठी असतात. मॉनिटरला ती आज्ञा समजत नाही, त्यामुळे बटण दाबलं तरी काही घडत नाही. सेट-टॉप बॉक्सचा आवाज मात्र पीसीएम असताना बहुधा त्याच्याच रिमोटने कमी-जास्त होतो. आजी-आजोबांसाठी किंवा अंथरुणावर असलेल्या माणसासाठी ही सोय करत असाल तर हा मुद्दा सगळ्यांत आधी सोडवा. उठून खटका फिरवणं त्यांना जमणार नाही. त्यांच्यासाठी स्वतःचा रिमोट असलेले स्पीकर घ्या.

चित्र नीट बसवणं

पहिल्यांदा जोडल्यावर 'आउट ऑफ रेंज' किंवा 'इनपुट नॉट सपोर्टेड' असा संदेश आला तर घाबरू नका, मॉनिटर बिघडलेला नाही. टीव्हीचं प्रसारण अनेक देशांत सेकंदाला ५० च्या चालीवर असतं आणि बॉक्स बऱ्याचदा १०८०आय पद्धतीने, म्हणजे एकाआड एक ओळी पाठवून, चित्र देतो. कॉम्प्युटरचे मॉनिटर ६० च्या चालीला सरावलेले, आणि 'आय' पद्धत काहींना अजिबात उमजत नाही. बॉक्स आधी घरातल्या चालू टीव्हीला जोडा, सेटिंगमध्ये जाऊन ७२०पी किंवा १०८०पी निवडा, चालीचा पर्याय दिसत असेल तर ६० करा, आणि मग बॉक्स मॉनिटरपाशी आणा.

मग चॅनेल लावून कोपऱ्यातलं त्याचं चिन्ह बघा. गोल चिन्ह असलेलं चॅनेल मुद्दाम शोधा. माझ्याकडे एक १९ इंची, १२८० बाय १०२४ चा मॉनिटर आहे. त्यावर पहिल्यांदा चित्र आलं तेव्हा हे गोल चिन्ह उभ्या अंड्यासारखं दिसत होतं आणि सगळ्यांचे चेहरे लांबुळके झाले होते. टीव्हीचं चित्र १६:९ चं असतं, तो मॉनिटर ५:४ चा, आणि त्याने चित्र उभं ताणून पडदा भरून टाकला होता. मॉनिटरच्या मेनूत 'आस्पेक्ट' किंवा बॉक्सच्या मेनूत 'लेटरबॉक्स' निवडलं की चिन्ह गोल होतं आणि वर-खाली काळे पट्टे येतात. ते पट्टे राहू द्या. त्यामुळे १९ इंची पडद्यावरचं चित्र १७ इंचीएवढं होतं, हे खरं. पण माणसं माणसांसारखी दिसतात. १६:१० च्या मॉनिटरवर, म्हणजे १६८० बाय १०५० किंवा १९२० बाय १२०० वाल्यांवर, हे पट्टे अगदी बारीक असतात.

आता पडद्याच्या तळाशी सरकणारी बातम्यांची पट्टी बघा. ती अर्धवट कापली जात असेल तर मॉनिटर चित्र फुगवतो आहे. उलट चारी बाजूंना काळी चौकट असेल तर बॉक्स चित्र आक्रसून पाठवतो आहे. दोन्हींचा इलाज 'ओव्हरस्कॅन' नावाच्या सेटिंगमध्ये मिळतो. बॉक्सच्या मेनूत ते कधी 'स्क्रीन साइज' नावानेही असतं.

रंग धुतल्यासारखे फिके वाटत असतील, काळा रंग राखाडी दिसत असेल, तर लगेच ब्राइटनेसला हात लावू नका. टीव्हीच्या चित्रात काळा १६ पासून सुरू होतो आणि पांढरा २३५ वर संपतो. कॉम्प्युटरच्या चित्रात ० ते २५५. बॉक्स एक भाषा बोलतो आणि मॉनिटर दुसरी समजतो, म्हणून असं होतं. मॉनिटरच्या मेनूत 'आरजीबी रेंज' सापडली तर 'लिमिटेड' करून बघा. तिथे नसेल तर बॉक्समध्ये 'फुल' करा. एकाच ठिकाणी बदला, दोन्हीकडे नको. नाहीतर अंधारातले प्रसंग पूर्ण काळे होतील.

कुठे ठेवायचा

मॉनिटर हातभर अंतरावरून बघण्यासाठी बनवलेला असतो. २४ इंची असेल तर साधारण १ मीटर, ३२ इंची असेल तर १.३ मीटरच्या आसपास बसलात तर चित्र डोळ्यांत भरतं. त्याहून फार लांब बसलात तर खालच्या पट्टीतली अक्षरं वाचता येत नाहीत. पलंगाच्या पायथ्याशी किंवा टेबलावर तो शोभतो. मोठ्या खोलीत सहा जणांनी मिळून बघायला नको.

पॅनेल, म्हणजे आतला पडदा, टीएन जातीचं असेल तर खालून बघताना रंग उलटे-काळपट दिसतात. मॉनिटर उंच टांगून झोपून बघण्याचा बेत असेल तर आधी तो हातात धरून, खाली बसून तपासा, किंवा पुढे झुकवता येईल असा स्टँड घ्या. आयपीएस आणि व्हीए पॅनेलला ही अडचण फारशी येत नाही. भिंतीवर लावायला मागे चार स्क्रूंची छिद्रं हवीत; त्यांच्यातलं अंतर बहुतेकदा ७५ किंवा १०० मिलिमीटर असतं, ते मोजूनच ब्रॅकेट घ्या.

बंद-चालू

बॉक्सच्या रिमोटने मॉनिटर बंद होत नाही. पण बॉक्स किंवा स्टिक झोपली आणि संकेत थांबला की बहुतेक मॉनिटर थोड्या वेळात स्वतःच झोपतो, आणि संकेत परत आला की जागा होतो. त्यासाठी मॉनिटरच्या मेनूत इनपुट 'ऑटो' न ठेवता जे वापरता तेच पक्कं करा. 'डीप स्लीप' चालू असेल तर ते बंद करा, कारण त्या अवस्थेत काही मॉनिटर बटण दाबल्याशिवाय जागेच होत नाहीत. काही बॉक्स बंद केल्यावरही कोरा काळा पडदा पाठवत राहतात. तिथे मॉनिटर झोपत नाही, मागचा दिवा जळत राहतो. अंधार करून बघा, काळ्या पडद्यातून मंद उजेड येत असेल तर तुमचा बॉक्स त्यातला आहे. मग बॉक्स, मॉनिटर आणि स्पीकर तिन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या आणि त्याचा खटका उशाजवळ, हात पोचेल असा ठेवा.